पंधरा दिवे आणि एक नियम: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की गणपतीसाठी कोणी स्वतःच्या हातानं लाइटचं काही करत असाल तर कळवा, आणि इतकी पत्रं आली की मला दोन रात्री बसून वाचावी लागली, फार छान वाटलं. सगळ्यांना इथे जागा देता येत नाहीये, चार निवडलीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण तोच प्रश्न अजून बऱ्याच मुलांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

ताई नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहते. यंदा आमच्या कॉलनीच्या गणपतीचं डेकोरेशन आमच्या ग्रुपकडे आलंय. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पुलावरच्या लाइटचा व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पण आमच्याकडे फक्त एक पाच मीटरची पिक्सेल पट्टी (जिच्यातला प्रत्येक दिवा वेगळा लावता येतो ती) आणि एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड, आहे. मंडळाचे काका म्हणतात, रिमोटवाली रंगीत माळ लाव, दहा मिनिटांत काम होतं. मला प्रोग्रॅमिंगमध्ये लूप आणि इफ-एल्स एवढंच येतं. जमेल का?

अगं जमेल, नक्की जमेल, लूप आणि इफ-एल्सच्या पलीकडे यात काही लागतच नाही.

तू बघितलास तो पूल म्हणजे बे ब्रिज, काम लिओ विल्लारिआल यांचं, मार्च २०१३ मध्ये पहिल्यांदा लागलं होतं, जवळपास तीन किलोमीटर लांबीवर २५,००० एलईडी. आता व्हिडिओ परत बघ आणि रंग शोध. एकही रंग नाहीये, सगळे पांढरे दिवे आहेत. फक्त कुठला दिवा कधी आणि किती लागायचा एवढंच ठरवलंय, आणि तरी माणसं थंडीत किनाऱ्यावर उभी राहून ते बघत होती. याच माणसाची सुरुवात १९९७ साली झाली ती १६ स्ट्रोब दिव्यांनी, वाळवंटातल्या एका मेळ्यात रात्री स्वतःची गाडी सापडावी म्हणून त्यानं ते गाडीच्या टपावर लावले होते, आणि ते चालवायला एक बारकासा कंट्रोलर होता, तुझा आर्डुइनो त्याच्यापेक्षा ताकदवान आहे. मग २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या भुयारी वाटेत त्यानं सुमारे ४१,००० दिवे लावले. म्हणजे सोळापासून सुरू झालं ना, तू तर पट्टीतल्या तीनशेपासून सुरू करतेयस.

आता काम सांगते. आधी पट्टीला हातच लावू नकोस, चौकटीची वही घे. एका ओळीत १५ चौकटी मोजून घे आणि बरोबर मधली, म्हणजे आठवी चौकट, पेन्सिलनं काळी कर. हा तुझा पेटलेला दिवा. खालच्या ओळीत प्रत्येक चौकटीसाठी एकच प्रश्न विचारायचा, वरच्या ओळीत माझ्या डाव्या आणि उजव्या शेजाऱ्यांपैकी नेमका एकच पेटलेला आहे का? एकच असेल तर मी पेटणार, दोन्ही पेटलेले असतील तर नाही, दोन्ही विझलेले असतील तरी नाही. बस, संपला नियम. गणितवाले याला नियम ९० म्हणतात.

ओळीमागून ओळ करत जा. पहिल्या ओळीत एक दिवा, दुसरीत दोन, तिसरीत पुन्हा दोनच पण जरा लांब सरकलेले, चौथीत चार, पाचवीत एकदम परत दोन (इथे सगळ्यांना वाटतं की आपलं चुकलं, चुकलेलं नसतं), मग चार, चार, आणि आठव्या ओळीत एक सोडून एक असे आठ. आता नववी ओळ करून बघ. सगळं विझतं. एकही दिवा उरत नाही. प्रत्येकाचे एक तर दोन्ही शेजारी पेटलेले असतात नाहीतर दोन्ही विझलेले, त्यामुळे नियम पाळूनच सगळे गप्प होतात. मी पहिल्यांदा हे कागदावर केलं तेव्हा नववी ओळ तीनदा तपासली होती, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला होता, कारण विझा असं त्यांना मी कुठेच सांगितलेलं नव्हतं.

आणि वहीवर जे उमटतं ते बघ, त्रिकोणांचा बनलेला त्रिकोण. तो पोलंडच्या सियरपिन्स्की या गणितज्ञाच्या नावानं ओळखला जातो, १९१५ साली त्यांनी त्यावर लिहिलं. पण आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रावर हलायुधानं दहाव्या शतकात जी टीका लिहिली तिच्यात मेरुप्रस्तार सांगितलाय, वरच्या दोन आकड्यांची बेरीज खाली लिहीत जायची तो आकड्यांचा डोंगर, त्यातले फक्त विषम आकडे रंगवलेस तर हेच चित्र येतं. आणि ठिपक्यांची रांगोळी काढणारी तुझी आजी असेल तर तिला ही वही दाखव, पंधरा ठिपके म्हटल्यावर तिला वेगळं समजवायला लागणार नाही.

आता पट्टी. साधारण मीटरला ६० दिवे असतात, तुझ्याकडे ३०० आहेत. १५-१५ दिव्यांचे आठ तुकडे काप, म्हणजे फक्त १२० लागले, दोन मीटर. उरलेली तीन मीटर जपून ठेव, कारण या पट्टीत डेटा एका दिव्यातून पुढच्यात जातो, एखादा दिवा मेला की त्याच्यापुढची सगळी ओळ अंधारात, तेव्हा तुकडा बदलायला लागतो. तुकडे प्लायवर एकाखाली एक लाव, नागमोडी जोड, म्हणजे पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, आणि प्रोग्रॅममध्ये एक सोडून एक ओळ उलटी मोजायची हे विसरू नकोस. दुसरी चूक सगळे करतात ती अशी की नवीन ओळ जुन्याच अ‍ॅरेत (प्रोग्रॅममधली दिव्यांची यादी) लिहितात, मग अर्धे दिवे नवीन शेजारी बघून ठरवतात आणि अर्धे जुने बघून, चित्र बिघडतं आणि मूल बिचारं रात्रभर वायरिंग तपासत बसतं. दोन अ‍ॅरे ठेव, एक वाचायचा, एक लिहायचा.

दिवे उघडे ठेवू नकोस, टोचतात डोळ्यांना. आकाशकंदिलाचा पतंगी कागद किंवा बटर पेपर लाव, पण पट्टीला चिकटवून नाही, दोन दिव्यांमध्ये जेवढं अंतर आहे, साधारण १७ मिलीमीटर, निदान तेवढं तरी पुढे, मग ठिपक्याचा गोळा होतो, मऊ दिसतो.

वेग फार महत्त्वाचा आहे, जवळपास सगळं त्यावरच आहे. प्रत्येक ओळ तीन सेकंद घेऊन हळूहळू उजळू दे. इथे एक गंमत आहे, ब्राइटनेस ० ते २५५ असतो म्हणून निम्मं करायला मुलं १२८ लिहितात आणि ते जवळपास फुलच दिसतं, कारण अंधारातल्या छोट्या फरकाला आपला डोळा फार तीव्र असतो, उजेडातल्या तितका नाही. डोळ्याला निम्मं दिसायला हवं तर ५६ च्या आसपास लिहावं लागतं. याला गामा करेक्शन म्हणतात, त्याचं टेबल बनवून प्रोग्रॅममध्ये टाक. आठ ओळी उजळल्या की एकूण २७ दिवे पेटलेले असतील, ते दहा सेकंद तसेच राहू दे. मग वरून खाली विझव. मग सहा सेकंद पूर्ण अंधार. हे सहा सेकंद कोणी कापायला सांगितले तरी कापू नकोस, मी हात जोडून सांगते, माणूस थांबतो तो त्या अंधारात, पुढे काय होणार म्हणून.

काकांना काय सांगायचं? काही सांगू नकोस, एका संध्याकाळी आरतीनंतर मांडवातले बाकीचे लाइट बंद करून हे एकदा चालवून दाखव. आणि मूर्तीच्या मागे लावू नकोस, बाजूला लाव, बाप्पाच्या चेहऱ्यावर एक साधा स्थिर पिवळा दिवा असू दे.

सौ. संपादिका ताईंना नमस्कार. माझं वय ७८, परदेशीपुऱ्यात राहतो. वडील मिलमध्ये होते, मीही होतो, आणि तरुणपणी अनंत चतुर्दशीच्या झांकीचं, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथाचं, लाइट आणि मोटरचं काम केलं. आता नातू म्हणतो लाइट स्कल्प्चर, इन्स्टॉलेशन. त्याचा काही राग नाही. पण आम्ही जे रात्र-रात्र जागून केलं ते काय होतं मग, ते कुठल्या खात्यात जमा?

आजोबा, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. माझं लहानपण झांकी बघत गेलंय, बाबांच्या खांद्यावर बसून, राजवाड्यासमोर, हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा मिलच्या झांक्या एकामागून एक यायच्या आणि झोप कुठल्या कुठे पळायची. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद झाली, बाकीच्यांचीही चाकं थांबली, पण झांक्या कामगारांनी थांबू दिल्या नाहीत, हे मी बाहेरगावच्या लोकांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, ते त्याच खात्यात जमा आहे, आणि खातं जुनं आहे. १९३० साली मोहोली-नॉज या हंगेरीच्या कलावंतानं एक यंत्र दाखवलं, धातूच्या भोकाभोकाच्या चकत्या, जाळ्या, काच, मोटरवर फिरणाऱ्या, त्यांच्यावर रंगीत दिवे ठरलेल्या क्रमानं लागायचे आणि भिंतीवर सावल्या फिरायच्या. आज ते हार्वर्डच्या म्युझियममध्ये आहे. मोटर, पत्रा, दिवा आणि क्रम, तुम्हाला यातलं काय नवीन आहे सांगा बरं? १९६३ मध्ये अमेरिकेच्या डॅन फ्लेविननं तर बाजारातली आठ फुटी पिवळी ट्यूबलाइट आणली आणि भिंतीवर तिरकी लावली, ४५ अंशात, तेवढंच, आणि तिथून पुढे आयुष्यभर तो दुकानात मिळणाऱ्या ट्यूबच वापरत राहिला. सामान साधं असण्याला या कामात कधीच कमीपणा नव्हता.

आणि प्रोग्रॅम म्हणाल तर तो कॉम्प्युटरच्या आधीपासून आहे. बंगालमध्ये चंदननगरला जगद्धात्री पूजेची रोषणाई प्रसिद्ध आहे, तिथले कारागीर लाकडी रोलरवर पत्र्याच्या पट्ट्या ठोकायचे, रोलर मोटरनं फिरायचा, पट्टी ज्या तारेला टेकेल तो बल्ब लागायचा, जिथे पट्टी नाही तिथे विझायचा. मोर नाचायचा, मासा पोहायचा, सगळं त्या रोलरवर लिहिलेलं. तो रोलर म्हणजेच प्रोग्रॅम, हातानं खिळे ठोकून लिहिलेला. आताचे लाइटवाले तेच पिक्सेलच्या बोर्डावर करतात, रोलरच्या जागी मेमरी कार्ड आलं.

फरक एका ठिकाणी आहे आणि तो तुमच्यापासून लपवत नाही. झांकीत लाइट गोष्ट सांगायला येतो, रामाचा बाण सुटला पाहिजे, कालियाचा फणा डोलला पाहिजे. या नव्या कामांत बऱ्याचदा गोष्ट नसते, लाइट स्वतःच विषय असतो. जपानचे तात्सुओ मियाजिमा यांच्या कामात छोटे आकडे असतात, एक ते नऊ मोजत राहतात, प्रत्येकाचा वेग वेगळा, आणि शून्य कधीच येत नाही, शून्याच्या जागी क्षणभर अंधार होतो आणि मोजणी परत सुरू. एवढंच. पण त्या अंधाराला बौद्ध विचारातल्या मृत्यू आणि पुनर्जन्माचा अर्थ आहे, आणि ते बघताना आपण आपोआप हळू श्वास घ्यायला लागतो. मला दोन्ही हवंय, बाणही हवा आणि हा अंधारही.

एक विनंती आहे आजोबा. तुमच्याकडे त्या वेळचे काही रोलर, स्विच, वायरिंगचे कागद असतील तर भंगारात देऊ नका. नातवाला बसवून एकेक कसं चालायचं ते मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा, तुमच्या आवाजात.

ताई, माझा मुलगा नववीत आहे, त्यानं घरी एलईडी पट्टीचं काहीतरी केलंय, छान दिसतं पण पट्टीच्या शेवटी पांढरा रंग पिवळट-लालसर होतो आणि अडॅप्टर हात लावू देत नाही इतका तापतो. घाबरण्यासारखं आहे का? (सुदामानगर)

हो, अडॅप्टरसाठी घाबरा, आजच बंद करा. प्रत्येक पिक्सेल दिवा पूर्ण पांढरा लागला की ६० मिलीअँपिअर घेतो, लाल-हिरवा-निळा प्रत्येकी २०. म्हणजे ३०० दिव्यांना १८ अँपिअर, आणि मुलं मोबाइलचा दोन अँपिअरचा चार्जर लावतात. त्याला सांगा आधी दिवे मोजायचे, गुणाकार करायचा आणि मग पाच व्होल्टचा तेवढा सप्लाय घ्यायचा, किंवा प्रोग्रॅममध्येच ब्राइटनेस कमी करून ठेवायचा, घरात तसाही पूर्ण उजेड कोणाला बघवत नाही.

टोकाला लालसर होतं ते पट्टी खराब आहे म्हणून नाही. पट्टीतला तांब्याचा थर पातळ असतो, पुढे जाता जाता व्होल्टेज पडतं, आणि निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंद होतात आणि लाल उरतो. सप्लायपासून जाड वायरची एक जोडी दुसऱ्या टोकालाही नेऊन जोडायची, बरं होतं. कंट्रोलरचा ग्राउंड (वजा बाजूची वायर) आणि सप्लायचा ग्राउंड एकत्र हवाच. डेटाच्या वायरमध्ये ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर आणि सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्ही काही रुपयांत मिळतं, जेल रोडवर चौकशी करा.

माझ्याच एका कामात, बरीच वर्षं झाली, सप्लाय देणाऱ्यानं डब्यावर लिहिलेले अँपिअर आत नव्हते आणि उद्घाटनाच्या अर्धा तास आधी वास यायला लागला, तेव्हापासून मी नवीन सप्लाय दोन तास चालवून हात लावून बघितल्याशिवाय कुठेच लावत नाही. तुम्हीही तसंच करा. आणि मंडळात, शाळेत लावणार असेल तर झपझप उघडझाप नको. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप फिट येणाऱ्या काही मुलांना खरंच त्रास देते. मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा, नववीत मी फक्त फ्यूज उडवले होते.

ताई, मी रामबागेत राहते, शास्त्रीय गाणं शिकते. म्युझिकवर नाचणारे लाइट मला बघवत नाहीत, आवाज वाढला की वर, कमी झाला की खाली. गाण्याशी लाइटचं याहून खोल काही नातं होऊ शकतं का?

किती बरं वाटलं गं हा प्रश्न वाचून, आणि तो इंदूरहून यावा याचा तर फारच आनंद झाला, कारण उत्तर आपल्याच गावात आहे.

उस्ताद अमीर खाँसाहेबांची मेरुखंडाची गायकी तू ऐकली असशीलच. चार सूर घेतले तर त्यांचे २४ क्रम होतात, सात घेतले तर ५०४०, आणि त्या सगळ्या शक्यतांमधून वाट काढत राग मांडायचा. आता सुरांच्या जागी दिवे ठेव. चार दिवे एका रांगेत, एकेक करून लागणार, एक फेरी एका क्रमानं, पुढची फेरी दुसऱ्या क्रमानं, २४ फेऱ्या संपल्याशिवाय कुठलाच क्रम परत नाही. बघणाऱ्याला हिशोब कळत नाही पण हे काहीतरी शोधतंय असं जाणवतं, आणि जे आपोआप रॅंडम चाललंय त्याच्यापेक्षा ते वेगळं दिसतं, हे मी अनुभवानं सांगते. सात दिवे घेऊन प्रत्येकाला एक सेकंद दिलास तर ५०४० फेऱ्यांना ३५,२८० सेकंद लागतात, म्हणजे ९ तास ४८ मिनिटं. अनंत चतुर्दशीला रात्री आठला सुरू केलंस तर पहाटे ५ वाजून ४८ मिनिटांनी शेवटचा क्रम येईल. जागरणाची अख्खी रात्र, एकदाही पुनरावृत्ती नाही.

फक्त एक सांभाळ. खाँसाहेब सगळे क्रम पाढ्यासारखे म्हणत नव्हते, रागाला जे शोभत नाही ते सोडून देत होते. म्हणून नुसता कोड लिहून थांबू नकोस, अंधारात बसून सगळे २४ बघ आणि जे डोळ्याला अडखळतात ते काढ, पंधरा उरले तरी चालतील.

दुसरी एक कल्पना, तालाची. तीन दिवे. एक दर ७ मात्रांनी, म्हणजे तालाच्या ७ ठोक्यांनी, उजळतो, रूपक. दुसरा १०, झपताल. तिसरा १६, तीनताल. एकत्र सुरू कर, तिघं लगेच वेगळे होतील, मधे मधे दोघं भेटतील, रूपक आणि झपताल ७० मात्रांनी, झपताल आणि तीनताल ८० नी, पण तिघांची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, एकत्र यायला ५६० मात्रा लागतील. मात्रेला एक सेकंद धरलास तर ९ मिनिटं २० सेकंद. प्रोग्रॅम सहा-सात ओळींचा आहे. आणि मात्रा याहून जलद करू नकोस, खाँसाहेबांचा झुमरा आठव, चौदा मात्रा आणि दोन मात्रांमध्ये केवढी जागा.

बसणाऱ्यांना आधी काही सांगू नकोस. सतरंजी घाल, पंखा बंद ठेव, आणि तिघं एकत्र लागतील तेव्हा खोलीतून काय आवाज येतो तो ऐकून मला लिही.